खरपुडीचं फूल कोणी पाहिलंय?

खरपुड्या मी किती खाल्ल्या असतील याची गणती नाही. कच्च्या खाल्ल्या, तिखटमीठ लावून खाल्ल्या, चुलीच्या आरात भाजून खाल्ल्या, परकराच्या ओच्यात लपवून शाळेत नेल्या आणि मास्तर फळ्याकडे वळले की खाल्ल्या. एवढं खाऊन तिचं फूल मात्र मी एकदाही पाहिलं नाही, आणि हे लिहितानासुद्धा माझं डोकं तडकतं. या वयात माणसाने जरा निवांत व्हावं असं माझी लेक म्हणते. तिला काय जातं म्हणायला! तिने खरपुडी चाखलेलीच नाही.

आमचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डांबरी रस्ता सोडल्यावर आणखी बरंच आत. गावाच्या पाठीमागे बरड होतं. बरड म्हणजे मुरूम आणि दगडगोट्यांची चढाची जमीन, जिथे नांगर चालत नाही आणि पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात ते इतकं करपलेलं आणि ओसाड दिसायचं की परगावचा पाहुणा हमखास विचारायचा, इथे काय उगवणार? पण पाऊस लागून पंधरवडा झाला की त्याच मुरमातून गुडघाभर गवत वर यायचं, बोराटीच्या जाळ्या हिरव्या व्हायच्या, तितर ओरडायला लागायचे, आणि बोराटीच्या काट्यांना धरून एक बारीक, मऊ वेल हळूच वर चढायची. पानं जाडसर, बोटाने दाबली तर पाणी सुटेल अशी. तीच खरपुडी. वर्षातले कितीतरी महिने ती जमिनीखाली कंद होऊन झोपलेली असायची, वर काही म्हणजे काही खूण नसायची. ऊन किती का तापेना, कंदात साठवलेल्या पाण्यावर ती तग धरायची आणि पाऊस आला की त्याच जागेवरून पुन्हा डोकं वर काढायची. कोणी उपटली नसती तर ती वर्षानुवर्षं त्याच बोराटीखाली येत राहिली असती. पण तिला कोणी सोडेल तर ना!

कंद लहान कांद्याएवढा, जरा चपटा, वरून मातकट. नखाने साल काढली की आत पांढराशुभ्र. दाताखाली कचकन तुटायचा, आधी गोड लागायचा, मग जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडू. भाजला की कडूपणा जायचा. आता अडचण अशी की आमच्याकडे श्रावणी सोमवार कडक पाळायचे. उपासाला धान्य चालत नाही, कंद चालतो. रताळं बाजारातून आणावं लागायचं आणि बाजार आठवड्याने भरायचा. खरपुडी घरामागे, फक्त खणायची. त्यामुळे झालं काय, की खरपुडीला फूल येण्याचा महिना आणि अख्ख्या गावाच्या उपासाचा महिना एकच. रविवार उजाडला की पोरं मोडके विळे आणि लोखंडी सळ्या घेऊन बरडावर हजर. देवाच्या नावाने एका वेलीचा वंश खुंटवण्याचं काम आमचं गाव इतक्या श्रद्धेने करत होतं की कोणाला त्यात काही वावगं वाटायचा प्रश्नच नव्हता. मलाही वाटत नव्हतं. मी तर हुशार खणणारी म्हणून नावाजलेली होते.

घरात आम्ही चौघं. आबा शेतात असायचे किंवा शेतातून येऊन गप्प असायचे. माय दोघांच्या वाटचं बोलायची. सकाळी जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. परातीवर थप थप थप, मध्ये तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्रर्र, आणि त्या सगळ्यावर तिचा आवाज, कोंबडीला एक टोमणा, आबांना एक, मला दोन. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, वर तेलाची धार, आणि पाट्यावर वाटलेला लसूण-मिरचीचा ठेचा. हे खाऊन मी आणि माझा भाऊ हिरामण दिवसभर उंडारायला मोकळे. हिरामण माझ्याहून एका वर्षानेच लहान, पण मला अक्का म्हणायचा आणि मी सांगेन ते करायचा. मी न सांगितलेलंही करायचा, आणि तिथेच सगळा घोटाळा होता.

सातवीनंतर मला धुळ्याला मामाकडे ठेवलं. मामाचं घर देवपुरात, पांझरा नदीच्या अलीकडे की पलीकडे हे मला बरेच दिवस कळत नव्हतं, कारण मामी बाजारात जायचं म्हटलं की ‘गावात जाते’ म्हणायची, जणू आम्ही राहतो ते गावच नव्हे. पोळ्या मऊ, वरण पातळ, आणि बोलणं पुस्तकातल्यासारखं. मी तोंड उघडलं की वर्गातल्या मुली हसायच्या. आमच्या बोलीतलं ‘शे’ आणि ‘नही’ गिळता गिळता माझ्या नाकी नऊ आले. अशात आठवीच्या वर्गात शास्त्राच्या बाईंनी काम दिलं: आपापल्या गावाकडचं एक रानफूल स्वतः डोळ्यांनी पाहायचं आणि त्याचं चित्र काढून आणायचं. कोण कुठलं फूल काढणार ते सांगायला एकेकीला उभं केलं. कोणी धोतरा म्हणाली, कोणी रुई. माझी पाळी आली तेव्हा मी ताठ उभी राहून म्हणाले, “खरपुडी.”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. “अगं, तुमच्याकडे खरपुडी आहे? तिला कंदिलासारखं फूल येतं. वरच्या टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि खाली फुगीर पोट. बारीक माशी आत शिरली की आतल्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. रात्रभर तिला फूल मुक्कामाला ठेवून घेतं, आणि केस सुकले की पराग लावून सोडून देतं. फार कमी होत चाललीये ती. तू पाहिलंयस फूल?”

“नाही बाई,” मी म्हणाले, “खाल्लीये.”

वर्ग फुटला. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पुस्तकातलं चित्रही दाखवलं नाही. म्हणाल्या, “तूच पाहून ये आणि मला दाखव. मी तरी कुठे पाहिलंय प्रत्यक्षात.” त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हे फूल पाहायचंच. म्हटलं, त्यात काय अवघड आहे? घरामागे तर आहे.

पहिल्या श्रावणात सुट्टी काढून गावी गेले तेव्हा बरडावर मी जिथे जिथे जायची तिथे खड्डे. ताजे, ओलसर खड्डे, बाजूला उपटलेली वेल सुकत पडलेली. एक वेल निवडुंगाच्या आत सुरक्षित सापडली, तिच्यावर अगदी बारीक कळ्याही होत्या. दुसऱ्या दिवशी गेले तर शेळ्यांनी ती निवडुंगाच्या आतून ओढून साफ केलेली. शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, फूल कधी पाहिलंत का? तो म्हणाला, असेल बुवा. त्याने खरंच पाहिलंही असेल. हिरवट, बोटाच्या पेराएवढ्या फुलाकडे लक्ष देऊन बघतंय कोण? देवपुरात परत जाऊन मी निमूटपणे रुईचं चित्र काढलं. बाईंनी न रागावता त्यावर बरोबरची खूण केली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी पाऊसच लांबला आणि वेली वर आल्या तेव्हा माझी सुट्टी संपली होती. मी मायला निरोप ठेवला की एखादी तरी राहू द्या. माय आल्यागेल्याला सांगत सुटली की देवपूरला जाऊन पोरीचं डोकं फिरलं. “फूल देखीसन काय पोट भरस का व?” तिने मला तोंडावरच विचारलं. “कंद शे तो, खावानी वस्तू शे.” तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ती खोटं बोलत नव्हती. ती खावानीच वस्तू होती. हीच तर खरपुडीची अडचण!

दहावीच्या वर्षी मात्र मी कंबर कसली. श्रावण लागायच्या आधीच येऊन बरडाच्या वरच्या अंगाला, लोकांच्या पायवाटेपासून दूर, एका दाट बोराटीत वाढलेली वेल हेरली. तिच्याभोवती काट्या तोडून टाकल्या, शेळीचं तोंड जाणार नाही अशा. हात रक्ताळले. जागा कोणाला दाखवली नाही, फक्त हिरामणला. कारण मी देवपूरला परत गेले की मागे बघायला कोणीतरी हवं होतं. त्याला दहादा बजावलं की राख, शेळ्या हाकल, कोणाला सांगू नको. त्याने राखलीही बरं का. मी पुढच्या सुट्टीला आले तर वेल बोराटीच्या माथ्यापर्यंत गेलेली आणि पानांच्या बेचक्यांत कळ्या. खाली फुगलेल्या, वर निमुळत्या, हिरवट पांढऱ्या, टोकाला जांभळट छटा. मी पोटावर पालथी पडून काट्यांतून बघत राहिले. एक कळी आज नाही तर उद्या उघडणार हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मंगळवारी सकाळच्या गाडीने मला धुळ्याला परतायचं होतं. म्हणजे सोमवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता.

सोमवारी सकाळी अंघोळ करून, कागद-पेन्सिल घेऊन निघणार, तर मायने अडवलं. महादेवाला पाणी घालून ये, मग दाणे निवड, मग मामीसाठी ज्वारीचे बिबडे-पापड बांध. मुलगी दुसऱ्या दिवशी जाणार म्हटल्यावर मायला कामं आठवायची. माझा जीव तिकडे आणि हात इकडे. उपास होता, पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं, चेहरा उतरला असणार. दुपार कलली तेव्हा कुठे मी सुटले आणि दाराबाहेर पाऊल टाकते तो समोरून हिरामण. धापा टाकत, ढोपरं खरचटलेली, आणि दोन्ही हात पाठीमागे.

“अक्का, तुना उपास शे ना?” तो म्हणाला, आणि हात पुढे केले. “देख, केवढी मोठी शे!”

त्याच्या ओंजळीत कंद होता. तेवढा मोठा कंद मी तोवर पाहिला नव्हता, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. त्याला अजून वेल चिकटलेली होती, आणि वेलीवर माझ्या कळ्या, काट्यांतून ओढताना चुरगळलेल्या.

“काय करं तू हाई?” मी किंचाळले. “हात लावू नको म्हणी होती ना मी!”

“तुनासाठेच काढी ना व!” त्याचं तोंड एवढंसं झालं. “तू सकायपासून उपाशी शे. दुसऱ्या कोणले नही दिधी मी.”

आणि ते खरं होतं. महिनाभर त्याने ती वेल अख्ख्या गावापासून राखली होती. गावातल्या पोरांना चकवलं, शेळ्या हाकलल्या, मायला सांगितलं नाही. कशासाठी, तर मी उपाशी असेन त्या दिवशी मला खायला मिळावी म्हणून. मी फूल फूल म्हणून जे घोकत होते ते त्याने ऐकलं होतं, पण त्याच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं. बोराटीत लपवलेली वेल माणूस दुसऱ्या कशासाठी राखतो? मी त्याला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. माय बाहेर आली, तिने कंद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो आत नेऊन आरात घातला. संध्याकाळी तिने त्याचे चार भाग केले. माझा भाग पानात तसाच राहिला. हिरामणनेही त्याचा खाल्ला नाही. आबांनी त्यांचा खाल्ला आणि म्हणाले, गोड आहे.

लोक म्हणतील, लहान भाऊ, प्रेमाने आणलं, एवढं काय त्यात? मला आजही वाटत नाही की माझं चुकलं. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही हाच तर खरा छळ आहे. कोणी वाईटपणाने उपटली असती तर मी त्याच्या घरासमोर जाऊन भांडले असते. इथे भांडायचं कोणाशी?

आणि हे सगळं तिथेच संपलं असतं तर मी हे प्रकरण लिहिलंही नसतं. पण त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, बरडावर झाडं लावायची ठरली. सरकारी माणूस आला, गावातल्या मोठ्या लिंबाखाली सगळे जमले. मी दिवाळीला आलेली होते म्हणून तिथे होते. त्या माणसाने सांगितलं की ही जमीन पडीक आहे, इथे आडवे चर खणायचे, पाणी अडवायचं आणि चरांच्या भरावावर झाडं लावायची. लोकांना काम मिळणार होतं, जळण मिळणार होतं. बोलणाराही भला माणूस दिसत होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान मात्र हलली नाही. चर म्हणजे बरडाचा वरचा सगळा थर उलथापालथा होणार, आणि खरपुडी राहते ती त्याच थरात.

मी उभी राहिले. आबांनी वर पाहिलं. बायका तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. मी म्हणाले, “साहेब, ती जमीन पडीक नाही. तिथे गवत आहे, आणि खरपुडी आहे. तिला फार वेगळं फूल येतं.”

“हो का? कसं असतं बाळ?” त्याने खरोखर विचारलं. थट्टा नव्हती त्याच्या आवाजात.

“कंदिलासारखं असतं म्हणतात.”

“म्हणतात?” तो हसला, आणि लोकांकडे वळला. “कोणी पाहिलंय का हे फूल?”

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले. तिथे बसलेल्यांत असा एकही माणूस नव्हता ज्याने खरपुडी खाल्ली नव्हती. जन्मभर खाल्ली होती, उपासाला खाल्ली होती, आजारात खाल्ली होती, त्यांच्या बापांनी खाल्ली होती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी गावातले सगळ्यांत वडीलधारे नाना खाकरले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “आम्ही तं खाधी शे भाऊ. फूल काय देखं नही कोणी.”

हशा पिकला. माझ्या वर्गात पिकला होता तसाच. मी खाली बसले. हिरामण माझ्या मागेच उभा होता. तो एकटा हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं की फूल कशाला हवं होतं. माझ्याकडे एक चित्र असतं तर? पेन्सिलीने काढलेलं, वाकडंतिकडं का होईना? त्याने चर थांबले असते असं म्हणायला मी काही खुळी नाही. पण निदान ‘म्हणतात’ असं म्हणावं लागलं नसतं.

चर खणले गेले. आबाही त्या कामावर गेले, हिरामणही. विलायती जातीची झाडं लागली. काही जगली, पुष्कळशी वाळली. गवत गेलं, तितर गेले, आणि दोन-तीन श्रावणांनंतर पोरं सळ्या घेऊन बरडावर जायची बंद झाली. उपासाला गावात साबुदाणा आला. माय एकदा म्हणाली, पूर्वी खरपुड्या मिळायच्या, हल्ली काय झालं कोण जाणे. मी कपाळावर हात मारला.

मग लग्न होऊन मी नशिराबादला गेले, संसार झाला, यजमान निवृत्त झाल्यावर पुन्हा देवपुरातच घर घेतलं. आता माझी लेक मोबाइलवर खरपुडीच्या फुलांचे फोटो शोधून दाखवते. कुठल्या कुठल्या डोंगरावरची, हिरवी, जांभळी, ठिपक्यांची, एकाहून एक. “हे घे, पाहिलंस ना फूल? झालं समाधान?” म्हणते. तिला कसं सांगू, की ही कोणाच्या तरी बरडावरची फुलं आहेत, आमच्या नाहीत. शेजारणीच्या नातवाचा फोटो बघून स्वतःच्या नातवाची हौस फिटते का?

यंदाच्या श्रावणात हिरामणचा फोन आला. तो आता गावातच असतो, शेती मुलाकडे दिलीये आणि स्वतः चार शेळ्या राखतो. एरवी फोनवर तब्येत विचारतो आणि ठेवतो. या वेळी काहीच विचारलं नाही.

“अक्का, कयी उनी,” तो म्हणाला. कळी आली.

“कसली?”

“कसली काय इचारस? खरपुडीनी!”

बरडाच्या अगदी वरच्या अंगाला एक खडकाची कपार आहे, तिथे चर खणता आला नव्हता. त्या कपारीशी, बोराटीत, त्याला वेल दिसली. आषाढातच दिसली होती, पण मला सांगितलं नाही. भोवती काट्या टाकल्या आणि वाट पाहत बसला. “आनी तुन्या शेळ्या?” मी विचारलं. “बांधी ठेवेल शेतस,” तो म्हणाला. शेळ्या राखणाऱ्या माणसाने ऐन श्रावणात शेळ्या बांधून चारा आणून घातला, यावरून काय ते समजा.

मी सोमवारी सकाळची बस धरली. लेक म्हणाली गुडघ्यांचं काय, मी म्हटलं गुडघे माझे आहेत. हिरामण फाट्यावर उभाच होता. त्याच्या मुलाच्या मोटारसायकलवरून बरडाच्या पायथ्याशी गेले आणि वर पाहिलं. आमची जुनी पायवाट नव्हतीच. सगळा चढ आडव्या चरांनी कापलेला, एकावर एक, काठ ढासळलेले, त्यांत पावसाचं पाणी आणि चिखल. पहिला चर हिरामणचा हात धरून ओलांडला. दुसऱ्यात पाय घसरला, पण निघाले. तिसऱ्याच्या काठावर गुडघ्याने सांगितलं की बाई, आता पुरे. मी वाकले, बसून उतरायला बघितलं, चिडले, पुन्हा उठले. नाही म्हणजे नाही. ती कपार मला समोर दिसत होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. ज्या चरांनी माझं बरड खाल्लं त्यांनीच मला खाली अडवून धरलं होतं. मला रडू आलं असतं, पण संतापाने तेही येईना.

हिरामणला माझा मोबाइल दिला, कुठे दाबायचं ते दोनदा दाखवलं. तो माकडासारखा वर गेला, या वयात. खाली आला तेव्हा फोटोत त्याचा अंगठा उत्तम आला होता. परत पाठवलं. दुसऱ्या फोटोत त्याचं नाक. मोबाइल माझ्याकडे देऊन तो तसाच पुन्हा वर गेला. तेवढ्यात ढग भरून आले आणि तो कपारीपाशी उभा राहून माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने तोंडाशी हात धरून हाक दिली.

“अक्का! उपास शे ना तुना? काढू का?”

मी खोटं लिहीत नाही. माझ्या तोंडात ‘काढ’ आलं होतं. फूल उघडलंय हे तो पहिल्याच फेरीत सांगून गेला होता; तो बाजूची माती मोकळी करून अलगद काढू शकला असता, पाच मिनिटांत ते माझ्या ओंजळीत असतं. पुढच्या श्रावणात माझे गुडघे असतील का, मी असेन का, हिरामण असेल का? एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला ते फूल समोर होतं आणि तो काढून द्यायला तयार होता, पहिल्यासारखाच.

“नको!” मी ओरडले. “हात लावू नको!”

माझा आवाज बरडावर फुटला. हिरामण थांबला, खाली वाकला, आणि मला दिसेनासा झाला. मी जीव मुठीत धरून उभी. या माणसावर माझा विश्वास नव्हता. याच्या प्रेमावर तर मुळीच नव्हता. बराच वेळ तो आलाच नाही. मग बोराटीच्या बाजूने उठला, एकेक चर उतरत खाली आला. दोन्ही हात पाठीमागे होते. माझ्या समोर उभा राहिला आणि मी काही विचारायच्या आत त्याने हात पुढे केले. ओंजळ रिकामी होती. काट्यांचे ताजे ओरखडे होते, बाकी काही नाही.

“काट्या सरकी गयथ्यात,” तो म्हणाला. “नीट लाई उनू.”

मी त्याचा हात धरून खडकावर बसले. विचारलं, “कसं शे?”

हिरामणने विचार केला. जन्मभर खरपुडी खाल्लेला माणूस पहिल्यांदा तिच्या फुलाबद्दल बोलणार होता, त्याला वेळ लागणारच.

“तुना मायक शे,” तो म्हणाला. माझ्यासारखं. “गाल फुगाडीसन बठेल.”

“चूप बस,” मी म्हणाले. पावसाचे थेंब यायला लागले तसे आम्ही उठलो, आणि परतीचे दोन्ही चर मी त्याचाच हात धरून ओलांडले.